कुटावी की दळावी? कॉफीच्या जात्याचा इतिहास आणि आजची निवड

१/
मराठी स्वयंपाकघरात धान्य बारीक करण्यासाठी एक क्रियापद कधीच पुरले नाही. तिखट कुटले जाते, चटणी वाटली जाते, डाळ भरडली जाते आणि ज्वारी दळली जाते. प्रत्येक क्रियापदामागे वेगळे साधन, वेगळी हालचाल आणि वेगळा परिणाम आहे. घरी ताजी कॉफी करू पाहणारा तरुण बाजारात जातो तेव्हा मात्र हा सगळा भेद 'ग्राइंडर' या एका शब्दात बुडून जातो.

२/
त्या एका नावाखाली दोन भिन्न यंत्रे विकली जातात. एकात मिक्सरसारखे पाते गरागरा फिरते आणि हाती लागेल ती बी तोडते. दुसऱ्यात दोन दातेरी भाग ठरावीक अंतरावर एकमेकांसमोर असतात. एक स्थिर राहतो, दुसरा फिरतो आणि बी त्यांच्यामधून खाली उतरते. या दातेरी भागाला 'बर' म्हणतात, म्हणून यंत्राचे नाव बर ग्राइंडर. पहिल्यापेक्षा ते बरेच महाग असते आणि 'एवढे पैसे कशासाठी?' हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

३/
या धाग्याची भूमिका आरंभीच सांगितलेली बरी. घरी कॉफी करणाऱ्याने खर्च करायचाच असेल तर तो आधी दळण्याच्या साधनावर करावा आणि नंतर कॉफी गाळण्याच्या यंत्रावर. बहुतेक लहान घरांसाठी हाताने फिरवायचा चांगला बर ग्राइंडर हीच शहाणपणाची खरेदी आहे. या मताला आधार जाहिरातीचा नाही, पाचशे वर्षांच्या इतिहासाचा आहे. त्या इतिहासात या मताविरुद्ध जाणारे पुरावेही आहेत. तेही इथे येतील.

४/
आरंभ कुटण्यापासून. कॉफी पिण्याची प्रथा पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळींत रुजली. रात्रीच्या उपासनेत जागे राहण्यासाठी हे पेय उपयोगी पडे. कॉफीची मूळ भूमी इथिओपिया. तिथे आजही पाहुण्यांसमोर बी भाजून ती उखळात कुटण्याचा विधी घराघरांत चालतो. भाजलेली बी ठिसूळ असते, मुसळाचा घाव बसताच फुटते. त्यामुळे कॉफीचे पहिले साधन उखळ असावे, यात नवल काहीच नाही.

५/
अरबस्तानातील बेदूइन तंबूंत या उखळाला 'मिहबाज' म्हणतात. कोरीव लाकडी उखळ आणि लांब मुसळ असे त्याचे रूप. कॉफी कुटणारा मुसळाचा घाव तालात घालतो, कधी तळाशी, कधी कडेवर. तो आवाज शेजारच्या तंबूंपर्यंत जातो आणि कॉफी होत असल्याची वर्दी देतो. कॉफी कुटणे हे इथे केवळ पाककर्म राहत नाही, ते आतिथ्याचे आमंत्रण होते.

६/
इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे आली ती सोळाव्या शतकाच्या मध्यात. इतिहासकार पेचेवी यांनी अलेप्पो आणि दमास्कस येथून आलेल्या दोन माणसांना त्याचे श्रेय दिले आहे. शहर मोठे आणि मागणी अफाट, त्यामुळे भाजण्या-कुटण्याचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. या जागांना 'तहमीस' म्हणत. इस्तंबूलच्या एमिनोन्यू भागात तहमीस नावाचा रस्ता आजही आहे. त्याच परिसरात १८७१ साली कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी यांनी भाजून दळलेली तयार कॉफी विकायला सुरुवात केली. तोवर बहुतेक घरी कच्ची बी आणून ती घरीच भाजण्याची रीत होती.

७/
याच तुर्की जगात कॉफीच्या इतिहासातले एक देखणे यंत्र घडले : पितळेची हातगिरणी. हातात मावेल अशी उभी नळकांडी, वर घडी होणारा दांडा, आत शंकूच्या आकाराचा दातेरी गाभा आणि तळाशी पूड साठवण्याची डबी. प्रवासी ती सामानात टाकी, सैनिक पडशीत ठेवी. आजच्या महागड्या हातग्राइंडरशेजारी ही जुनी पितळी नळकांडी ठेवली तर दोघांचे नाते लपत नाही. धातू बदलला, धार सुधारली, दांडा बेअरिंगवर फिरू लागला, पण आराखडा तोच राहिला.

८/
या यंत्राचा पूर्वज मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. जाते म्हणजे दोन दगडी तळ्या, मधला आस, खुंटा आणि वरच्या भोकातून घातलेली वैरण. दाणा मध्यभागी पडतो, दोन तळ्यांमध्ये सापडतो, बाहेरच्या कडेकडे सरकताना बारीक होत जातो आणि कडेवरून पीठ होऊन गळतो. आजच्या भाषेत सांगायचे तर जाते हा सपाट बरांचा ग्राइंडर आहे. तुर्की गिरणीत तेच तत्त्व शंकूच्या आकारात आले. बाजारात आज 'फ्लॅट' आणि 'कोनिकल' असे जे दोन प्रकार सांगितले जातात, त्यांचे मूळ इतके जुने आहे.

९/
जात्याचे तंत्र बारकाईने पाहिले तर ग्राइंडरच्या माहितीपत्रकातला अर्धा मजकूर आपोआप उलगडतो. भरड हवी तर वैरण जास्त, बारीक हवे तर वैरण कमी आणि हात संथ. तळ्यांवरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की पीठ बारीक निघत नाही आणि खुंटा जड होतो. मग छिन्नी-हातोड्याने तळीला पुन्हा खाचा पाडल्या जात. याला 'टाकी लावणे' म्हणतात. टाकी लावून देणारे कारागीर गावोगाव दारावर येत. दात्यांची धार हेच दळणाचे मर्म आहे, हे त्या काळी पुस्तकात वाचावे लागत नव्हते.

१०/
कुटणे आणि दळणे यांतला खरा फरक कोणता? उखळात सगळे दाणे एकत्र राहतात. बारीक झालेला कण बाहेर पडत नाही, त्याच्यावर पुढचाही घाव बसतो, आणि कडेला सरकलेला मोठा तुकडा तसाच राहतो. मिक्सरच्या पात्याखाली नेमके हेच घडते. जात्यात मात्र दोन तळ्यांमधले अंतर हाच निकष असतो. त्या अंतरात मावेल इतका लहान झालेला कण लगेच बाहेर जातो, मोठ्याची सुटका होत नाही. म्हणून दळलेल्या पुडीत कणांचे आकार एकमेकांच्या अधिक जवळचे असतात.

११/
हे जवळचे असणे इतके महत्त्वाचे का? साधा हिशोब करता येतो. बी ८ मिलिमीटर बाजूचा घन आहे असे घटकाभर मानू. तिचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे केले तर ते ४,०९६ होतात आणि पाण्याला भिडणारे पृष्ठफळ १६ पट होते. पाणी कणाच्या आत शिरून चव बाहेर आणते. बारीक कणातली चव झपाट्याने निघते, जाड कणातली सावकाश. एकाच भांड्यात दोन्ही असतील तर धुळीसारखे कण कडवटपणा सोडू लागतात तेव्हा जाड तुकडे अजून आंबटच असतात. पात्याच्या यंत्रातली कॉफी एकाच घोटात कडू आणि पचपचीत लागते, ती यामुळे.

१२/
आता या मताविरुद्धचा सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार. फ्रेंच न्यायाधीश आणि खवय्या ब्रिया-साव्हारँ याने १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक प्रयोग नोंदवला आहे. मोखा कॉफीचे दोन समान वाटे करून त्याने एक कुटला, दुसरा गिरणीत दळला. दोन्हींची कॉफी स्वतः चाखली आणि जाणकारांना चाखवली. निर्णय एकमुखी लागला : कुटलेली श्रेष्ठ. तुर्क लोक लाकडी उखळच वापरतात आणि दीर्घकाळ वापरलेल्या उखळाला मोठी किंमत येते, असेही तो सांगतो.

१३/
हा पुरावा झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. त्याचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. घरगुती गिरण्यांचे दाते त्या काळी हाताने घडवले जात, आस डगमगे आणि पूड बहुधा भरड निघे. उखळात मन लावून कुटलेली पूड तिच्यापेक्षा कितीतरी बारीक होत असणार. म्हणजे त्या प्रयोगात कुटणे आणि दळणे यांची तुलना झाली खरी, पण त्याचबरोबर चांगली बारीक पूड आणि वाईट भरड पूड यांचीही झाली असण्याची शक्यता आहे. यातला धडा आजही लागू पडतो : वाईट जात्यापेक्षा चांगले उखळ बरे. बर ग्राइंडर असे नाव असले की वस्तू चांगलीच असते, असे नाही.

१४/
मग गिरणी सुधारली कशी? इथे कथा फ्रान्सच्या पूर्व भागात जाते. १८१० साली प्यूजो बंधूंनी आपल्या कुटुंबाची धान्याची गिरणी पोलादाच्या कारखान्यात बदलली. आधी करवती, स्प्रिंगा आणि हत्यारे निघाली. १८४० साली कॉफीची गिरणी आली आणि १८७४ साली मिऱ्याची. आज मोटारींवर दिसणारा सिंह मुळात या घराण्याच्या करवतीच्या पात्यांची खूण होता. पहिली सायकल आणि पहिली मोटार यांच्या कितीतरी आधी या नावाने युरोपच्या स्वयंपाकघरात प्रवेश केला होता.

१५/
धान्य दळणारे घराणे पोलाद घडवू लागते आणि पोलादातून पुन्हा दळण्याचे यंत्र करते, यात एक सुसंगती आहे. एकसारखे दाते कापण्यासाठी लागणारे कसब करवतीच्या कारखान्यात आधीच होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि फ्रान्समधील अशा कारखान्यांतून लाकडी पेटीच्या गिरण्या लाखो घरांत गेल्या. पेटी गुडघ्यांत धरायची, वरचा दांडा फिरवायचा, खालच्या खणात पूड पडायची. आजीच्या वस्तू म्हणून युरोपातल्या जुन्या बाजारांत त्या आजही दिसतात.

१६/
घरात गिरणी ठेवण्यामागे चवीपेक्षाही मोठे एक कारण होते : विश्वास. अख्खी बी डोळ्यांना दिसते, पुडीत काय मिसळले ते दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये कॉफीच्या पुडीत चिकोरीच्या मुळ्या, भाजलेले धान्य आणि रंगासाठी जळकी साखर सर्रास मिसळली जाई. ब्रिटनचे अर्थमंत्री सर चार्ल्स वुड यांनी तर संसदेत रसायनतज्ज्ञांचा हवाला देऊन सांगितले की, कॉफीतली चिकोरी कोणत्याही उपायाने ओळखता येत नाही.

१७/
आर्थर हिल हॅसल या डॉक्टराने ती ओळखून दाखवली. उपाय साधा होता : सूक्ष्मदर्शक. कॉफीच्या बीची पेशीरचना आणि चिकोरीच्या मुळाची पेशीरचना इतकी वेगळी असते की पूड कितीही बारीक असली तरी भिंगाखाली भेद उघडा पडतो. १८५१ ते १८५४ या काळात 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याचे अहवाल छापले आणि भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावे व पत्तेही प्रसिद्ध केले. १८६० साली ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा झाला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता.

१८/
अमेरिकेच्या यादवी युद्धातही हाच प्रश्न उभा राहिला. उत्तरेच्या सैन्यात शंभर शिध्यांमागे १० पौंड कच्ची किंवा ८ पौंड भाजलेली कॉफी मिळे. तयार पुडीत कंत्राटदार भेसळ करतील ही भीती असल्याने शिपायांना अख्खी बी अधिक पसंत होती. गिरणी नसे, मग बी बादलीत घालून बंदुकीच्या दस्त्याने कुटली जाई. युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत जॉन बिलिंग्ज यांनी वाटपाचे वर्णन केले आहे. रबरी चादरीवर कॉफीचे सारखे ढीग मांडले जात आणि पक्षपात होऊ नये म्हणून ढिगांकडे पाठ करून नावे पुकारली जात.

१९/
याच युद्धातली एक आवडती दंतकथा समाजमाध्यमांवर वारंवार फिरते : घोडदळाच्या शार्प्स कार्बाइनच्या दस्त्यात कॉफीची गिरणी बसवलेली असे. असे मोजके नमुने संग्रहांत आहेत, हे खरे. पण त्या गिरणीत कॉफी नीट दळली जात नाही, आणि त्यांपैकी किती अस्सल आहेत यावरही वाद आहे. सगळे घोडदळ अशी गिरणी घेऊन फिरत होते, हे चित्र टिकत नाही. त्या युद्धात 'कॉफी मिल गन' होती, पण ती वेगळी. एगर बंदुकीच्या वरच्या नरसाळ्यामुळे आणि फिरवायच्या दांड्यामुळे तिला ते टोपणनाव पडले. कॉफीशी तिचा संबंध एवढाच.

२०/
पुढच्या पन्नास वर्षांत दळण घराबाहेर गेले. फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज कंपनीच्या दोन चाकांच्या बिडाच्या गिरण्या किराणा दुकानांच्या फळीवर दिसू लागल्या. १८९७ साली ओहायोतील ट्रॉय गावी स्थापन झालेल्या होबार्ट कंपनीने गिरणीला विजेची मोटर जोडली. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स बंधूंनी निर्वात डब्यात कॉफी विकायला काढली. डबाबंद पूड महिनोन्महिने टिकते असे ग्राहकाला सांगितले गेले आणि अमेरिकन घरातली गिरणी हळूहळू माळ्यावर गेली.

२१/
यात काय गमावले ते ध्यानात यायला वेळ लागला. भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड आणि सुगंधी द्रव्ये कोंडलेली असतात. दळताक्षणी पृष्ठफळ वाढते आणि ती उडू लागतात. ज्या घमघमाटाने स्वयंपाकघर भरते, तो कपातून वजा झालेला असतो. निर्वात डबा उघडेपर्यंत पूड सांभाळतो, उघडल्यानंतर काही दिवसांत ती निस्तेज होते. अख्खी बी हाच निसर्गाने दिलेला सर्वांत चांगला डबा आहे, हे इस्तंबूलच्या गृहिणीला ठाऊक होते. विसाव्या शतकाने ते ज्ञान पुन्हा नव्याने मिळवले.

२२/
एस्प्रेसोने दळण्याचे महत्त्व निर्विवाद केले. १९४८च्या सुमारास मिलानच्या गाज्जिया यांचे तरफेचे यंत्र आले. पूर्वीच्या वाफेच्या यंत्रांपेक्षा त्याचा दाब कितीतरी पट जास्त होता. इतक्या दाबाखालील पाण्याला साधारण पाव ते अर्धा मिनिट रोखून धरते ते फक्त पुडीचे थर. पूड किंचित जाड झाली तर पाणी धावते, किंचित बारीक झाली तर अडते. यंत्र कितीही भारी असले तरी त्याचा लगाम ग्राइंडरच्या हाती असतो. गाळण्याच्या यंत्रावर मोठी रक्कम आणि ग्राइंडरवर उरलेली चिल्लर, हा नवख्यांचा नेहमीचा हिशोब इथेच चुकतो.

२३/
विज्ञानाने अलीकडे आणखी भर घातली. २०१६ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात बी थंड करून दळली तर कण अधिक बारीक व एकसारखे होतात असे दिसले. २०२० साली 'मॅटर' या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवले की एस्प्रेसो फारच बारीक दळली तर पाण्याला सगळीकडून सारखी वाट मिळत नाही आणि अर्क उलट कमी निघतो. २०२३ साली त्याच नियतकालिकात दळताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेचा अभ्यास आला. दळण्यापूर्वी बीवर पाण्याचे थेंब टाकले की पूड चिकटत व उडत नाही, या हौशी मंडळींच्या जुन्या युक्तीमागचे कारण त्यात सापडले.

२४/
आता निवडीकडे. पहिली कसोटी आसाची. जात्याचा आस डगमगला तर एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने पीठ पडते. हातग्राइंडरचा मधला दांडा दोन ठिकाणी, वर आणि खाली, पक्का धरलेला असावा. दुकानात वस्तू हाती घेता आली तर आतला फिरणारा बर बोटाने हलवून पाहावा. तो डुलत असेल तर बाकीची सारी वर्णने व्यर्थ आहेत. 'बर ग्राइंडर' असे नाव लावून विकल्या जाणाऱ्या स्वस्त वस्तू बहुतेक वेळा याच कसोटीला उतरत नाहीत.

२५/
दुसरी कसोटी दात्यांची. सिरॅमिकचे बर गंजत नाहीत, फार काळ झिजत नाहीत, पण ठिसूळ असतात. बीत चुकून आलेला खडा त्यांचा दात उडवू शकतो. पोलादी बरांची धार अधिक तीक्ष्ण काढता येते, हात कमी दुखतो आणि पूड सहसा अधिक एकसारखी येते. घरासाठी पोलादी बर श्रेयस्कर. सपाट की शंकू, हा वाद हौशी मंडळींत रंगतो. दोन्हींची चव वेगळी असते हे खरे, पण पहिल्या ग्राइंडरसाठी तो दुय्यम आहे. हातग्राइंडर बहुधा शंकूचेच असतात आणि त्यात काही उणे नाही.

२६/
तिसरी कसोटी अंतर बदलण्याच्या सोयीची. इथे मराठीतले जुने शब्द कामाला येतात. फ्रेंच प्रेससाठी पूड भरड हवी, जाड कणीसारखी. कागदी गाळणीतून ओतायच्या कॉफीसाठी रवाळ. एस्प्रेसोसाठी बारीक, चिमटीत धरल्यावर जेमतेम कण जाणवेल अशी. तुर्की इब्रिकसाठी वस्त्रगाळ पिठासारखी. प्रत्येक टप्प्यावर खटका असावा आणि खटके मोजता यावेत, म्हणजे आज जमलेली कॉफी उद्या पुन्हा जमते. एस्प्रेसो करणाऱ्यास खटक्यांमधील अंतर फार लहान लागते. ती गरज नसेल तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

२७/
चौथी कसोटी उघडण्याची. कॉफीत तेल असते. खाचांत अडकलेली जुनी पूड खवट होते आणि ताज्या बीची चव बिघडवते. साध्या हाताने सुटे होईल, कोरड्या ब्रशने झाडता येईल आणि पुन्हा तसेच जुळेल असे यंत्र घ्यावे. पोलादी बर पाण्याने धुऊ नयेत. साफसफाईसाठी कच्चे तांदूळ दळण्याचा सल्ला फिरतो, तो टाळावा. कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा फार टणक असतो आणि लहान यंत्राच्या आसावर ताण आणतो.

२८/
हाताचे की विजेचे? त्याच किमतीत हाताच्या यंत्रात पैसा बर आणि आस यांत जातो, विजेच्या यंत्रात त्यातला मोठा भाग मोटरीत जातो. एकदोन कपांपुरती १५ ते ३० ग्रॅम बी दळायची असेल तर हाताचे यंत्र सरस ठरते. रोज सहा-आठ जणांची कॉफी होणाऱ्या घरात मात्र हा हिशोब उलटतो. तिथे विजेचे यंत्र घ्यावे, किंवा घरी दळण्याचा अट्टहासच सोडावा.

२९/
कारण आणखी एक प्रतिष्ठित परंपरा समोर आहे. दक्षिण भारतात, आणि मुंबईत माटुंग्यासारख्या भागांत, ग्राहकासमोर बी दळून देणारी दुकाने आहेत. चिकोरीचे प्रमाण ग्राहक सांगतो, पूड आठवड्यापुरती नेली जाते. पितळी फिल्टरचा दाट काढा आणि भरपूर दूध यांत पुडीतले बारीकसारीक दोष झाकले जातात. इथे चिकोरी ही भेसळ नसून उघडपणे मागितलेला घटक आहे. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. हॅसलने उघडी पाडली ती लपवलेली चिकोरी. अशा घराला महागडा ग्राइंडर विकणे हा अन्यायच आहे.

३०/
शेवटचा मुद्दा श्रमाचा. हातग्राइंडरच्या जाहिरातींत सकाळचे कोवळे ऊन असते आणि 'संथ जगण्याचे' गोडवे असतात. महाराष्ट्रातल्या जात्याचा इतिहास असा नाही. पहाटेच्या अंधारात घरातली बाई उठे आणि साऱ्या कुटुंबाच्या भाकरीपुरते दळण संपवूनच तिचा दिवस सुरू होई. त्या वेळी म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत भक्ती आणि माहेर आहे, तसेच सासुरवास, थकवा आणि रागही आहे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा हे जाते थांबले, आणि ते थांबल्याचे दुःख करणाऱ्यांत ते ओढणाऱ्या बायका फार नव्हत्या.

३१/
म्हणून हातग्राइंडर घ्यावा तो जुन्या काळाच्या हळव्या ओढीपोटी नव्हे. घ्यावा तो हिशोबाने : थोडी बी, चांगला आस, तीक्ष्ण दाते, एकसारखी पूड आणि आपल्या कपात काय आहे याची खात्री. ज्याला कॉफी प्यायची आहे त्यानेच दांडा फिरवावा, हीही एक अट त्यात धरावी. घरात कॉफीचा शौक एकाचा आणि दळण्याचे काम दुसरीचे असेल, तर विजेचे यंत्र आणावे किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजी पूड आणावी. जात्याचा इतिहास वाचलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.